गाडीखालची गाडी

आमच्या लहानपणी प्रत्येक गॅरेजच्या मागे भंगाराचा एक ढीग असायचा आणि त्या ढिगावर आळीतल्या सगळ्या पोरांचा डोळा असायचा. जुनं बेअरिंग हाती लागलं की अर्धी गाडी झाली. एक फळी, तिच्याखाली दोन आडव्या काठ्या, मागे दोन बेअरिंगं, पुढे एक, आणि वळवायला सुतळी. डांबरी उतारावरून ती खर्रर्र आवाज करत अशी सुटायची की घरोघरच्या म्हाताऱ्या शिव्या देत दारात यायच्या. पण हीच गाडी शहाबादी फरशीच्या अंगणात नेली की हातभर जाऊन सांध्यात अडकायची आणि स्वार तोंडावर पडायचा.

ही गोष्ट मी पुढे पार विसरून गेलो, आणि म्हणून पन्नाशीत पुन्हा एकदा फसलो.

मेकॅनिक ज्या चाकाच्या फळीवर उताणा पडून गाडीखाली सरकतो, तिला दुकानात 'क्रीपर' म्हणतात. गॅरेजमधली पोरं 'ट्रॉली' म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजांत ती नसतेच. तिथे खड्डा असतो, रॅम्प असतो, नाहीतर जमिनीवर टाकलेलं गोणपाट, फ्रिजचा फाडलेला खोका किंवा कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्सवर मिस्त्री पाठ टेकतात, त्यामुळे खाली दादा हसत राहतात आणि वर ऑइल गळत राहतं. क्रीपर खरा रुळला तो अमेरिकेसारख्या ठिकाणी, जिथे घराला जोडून गॅरेज असतं आणि त्याची जमीन एकसंध, गुळगुळीत काँक्रीटची असते. न्यू जर्सीतला भाचा शनिवारी त्यावर पडून ऑइल बदलतो. त्याने पाठवलेला व्हिडिओ बघून आपणही एक मागवावा असं आपल्याला वाटतं. मला वाटलं तसंच.

मी मागवलेली ट्रॉली दिसायला देखणी होती. लोखंडी चौकट, लाल रेक्झिनची गादी, वरखाली होणारी उशी, सहा चाकं. आमच्या पार्किंगमध्ये तिचं उद्‌घाटन करायला शेजारच्या गल्लीतले मिस्त्री आले होते. त्यांनी ती एकदा उचलून बघितली, चाक बोटाने फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "साहेब, ही गाडी गाडीखाली जाते का, ते आधी बघा की."

गेली, पण मी काही नीट मावलो नाही.

हिशेब साधा होता, मी केला नव्हता एवढंच. मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. म्हणजे गाडीचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून सव्वासोळा सेंटिमीटरवर. टाटा नेक्सॉनसारख्या उंच गाडीचा २०८ मिलिमीटर. आता तुम्ही उताणे पडा आणि कुणाला तरी जमिनीपासून छातीच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायला सांगा. माझं माप भरलं २३ सेंटिमीटर. पोट त्याहून वर जात असेल तर ते माप धरायचं. इथे खोटं बोलून फक्त स्वतःचं नुकसान होतं. म्हणजे गाडी उचलल्याशिवाय नेक्सॉनखालीही माणूस मावत नाही, स्विफ्टची तर गोष्टच सोडा. गाडी जॅकने उचलायची आणि स्टँडवर बसवायची, हे आलंच. बाजारात मिळणारे साधारण तीन टनी स्टँड २८-२९ सेंटिमीटरपासून ४२ पर्यंत उंच होतात. त्या दिवशी मी स्टँड मधल्या खाचेवर लावले होते आणि इंजिनच्या चेंबरचा तळ जमिनीपासून ३८ सेंटिमीटरवर आला होता.

माझ्या लाल ट्रॉलीची गादी जमिनीपासून ११ सेंटिमीटर उंच होती. ११ आणि २३ मिळून ३४. उरले ४. दोन बोटं! त्या दोन बोटांत हात, पाना, कोपर, टॉर्च आणि माझी उत्सुकता, सगळं बसवायचं होतं. मान वळवायला गेलो तर नाक सायलेन्सरच्या पत्र्याला टेकलं. पत्रा गार होता, नशीब.

नुसत्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पडलो असतो तर साडेचौदा सेंटिमीटर मिळाले असते. म्हणजे मी पैसे मोजून दहा सेंटिमीटर जागा विकत घालवली होती. क्रीपरची जाहिरात गादी किती मऊ आहे ते सांगते, वजन किती झेलते ते सांगते. बहुतेकांवर ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो, असा आकडा असतो. पण ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे, तो म्हणजे झोपायच्या पृष्ठाची जमिनीपासूनची उंची. तो जाहिरातीत शोधावा लागतो, आणि सापडला तरी तो गादीसकट आहे की गादीवाचून, हे विचारावं लागतं. गादीची जाडी दोन-अडीच सेंटिमीटर सहज असते. गाडीखाली तेवढ्यावरच बोटं सोलवटायची की नाही हे ठरतं.

ही उंची कमी करायचा एक चतुर मार्ग आहे. चाकं फळीच्या खाली न लावता बाजूला, फळीच्या कडेबाहेर काढलेल्या खोबणींत लावायची आणि फळी त्या चाकांच्या मधे पाळण्यासारखी लोंबती ठेवायची. अखंड प्लॅस्टिकचे साच्यातले क्रीपर असे असतात. त्यांत पाठ जमिनीपासून तीनेक सेंटिमीटरवर येते. माझ्या हिशेबात ३८ वजा २६, म्हणजे १२ सेंटिमीटर मोकळे. एवढ्यात माणूस काम करू शकतो. गैरसोय ही की फळीचा तळ जमिनीला जवळजवळ चिकटलेला असतो. खाली एखादा नट, वॉशर किंवा पाना आला की गाडी तिथेच रुतते, आणि तो पाना आपल्याच पाठीखाली आहे हे कळायला पाच मिनिटं लागतात.

आता चाकं. माझ्या मते क्रीपरची खरी परीक्षा इथे आहे, आणि बेअरिंगच्या गाडीने मला हा धडा दहाव्या वर्षीच शिकवला होता.

लहान चाक अडथळ्याशी कसं वागतं हे बघण्यासारखं आहे. फरशीचा सांधा ३ मिलिमीटर वर आलेला आहे असं समजा. ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे दोन इंची चाक त्याला भिडलं की त्याला वर चढवायला त्या चाकावरच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त, साधारण ५४ टक्के, आडवा जोर लागतो. तेच चाक १२५ मिलिमीटरचं, पाच इंची असेल तर ३२ टक्क्यांत भागतं. सांधा ६ मिलिमीटरचा झाला की छोट्या चाकाला ८५ टक्के लागतात, मोठ्याला ४७. हे आकडे कुठल्या प्रयोगशाळेतले नाहीत. चाकाच्या त्रिज्येची आणि पायरीच्या उंचीची शाळेतली भूमिती मांडली की निघतात. माणूस आणि ट्रॉली मिळून ७५ किलो धरले आणि पुढची दोन चाकं एकदम सांध्याला भिडली, तर त्या दोघांवर साधारण ३७ किलो. छोट्या चाकांना ६ मिलिमीटरच्या सांध्यावर चढवायला जवळजवळ ३२ किलोचा रेटा. तो उताण्या अवस्थेत, टाचा रोवून द्यायचा! माझी टाच सटकली आणि चप्पल गाडीखाली गेली.

म्हणून क्रीपर घेण्याआधी गाडीकडे जितकं बघाल तितकंच पार्किंगच्या जमिनीकडे बघा. गुळगुळीत कोबा असेल तर दोन-अडीच इंची चाकं चालतील. शहाबादी फरशी असेल तर सांधे भरलेले आहेत का ते बोट फिरवून बघा. पेव्हर ब्लॉक असतील, आणि हल्ली बहुतेक सोसायट्यांत असतात, तर छोट्या चाकाचा क्रीपर म्हणजे शुद्ध छळ. तिथे मोठ्या चाकाचा तरी घ्या नाहीतर घेऊच नका. गावाकडे मातीचं किंवा शेणाने सारवलेलं अंगण असेल तर हा विषयच नको. तिथे सतरंजी बरी.

चाकं किती असावीत यावर दुकानदार सहाचा आग्रह धरतात. सहा चाकांनी फळी मधे दबत नाही हे खरं. पण तिपाई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही आणि चार पायांचं स्टूल डुगडुगतं, हे घरोघरी माहीत असतं. उंचसखल जमिनीवर सहांतली दोन-तीन चाकं हवेतच असतात आणि भार उरलेल्यांवर पडतो. सपाट जमिनीसाठी सहा, खडबडीत जमिनीसाठी चार मोठी आणि जाड, असं माझं मत. एक मात्र नक्की बघा. चाकं फळीच्या अगदी टोकांजवळ हवीत. ती आत सरकवलेली असली तर झोपण्याआधी आपण टोकावर बसतो तेव्हा दुसरं टोक वर उडतं आणि आपण बूड आपटून बसतो. शेजाऱ्यांना करमणूक, आपल्याला महिनाभर शेक.

चाक कशाचं आहे यालाही महत्त्व आहे, कारण गाडीखाली ऑइल सांडणारच. साधं रबर ऑइलने फुगतं, मऊ पडतं आणि काही महिन्यांत त्याचे लचके तुटायला लागतात. नायलॉनला ऑइलचं काही वाटत नाही, पण ते कडक असल्यामुळे फरशीवर खडखडतं आणि प्रत्येक खडा पाठीला कळवतं. पॉलियुरेथेनचं चाक मधलं: ऑइलला टिकतं आणि थोडं दबतंही. दुकानदार त्याला 'पीयू' म्हणतो. दोन पैसे जास्त पडतात, ते द्यावेत.

लांबीबाबत लोक उगाच मोठं घेतात. क्रीपर हा पलंग नव्हे. त्याच्यावर डोकं, पाठ आणि कंबर एवढंच ठेवायचं असतं. पाय जमिनीवर हवेत, कारण इंजिन तेच आहे. साडेपाच फुटी माणसाला ४० इंची क्रीपर पुरतो, बुटक्याला ३६ इंची. ४८ इंची घेतला तर गुडघे फळीवर येतात आणि रेटा द्यायला टाच पुरत नाही. खांद्याशी फळी अरुंद हवी, म्हणजे हात दोन्हीकडून खाली सोडता येतात आणि जमिनीवरचा पाना चाचपता येतो.

आता एक अशी गोष्ट, जी मला कोणत्याच जाहिरातीने सांगितली नव्हती. ड्रेन नट, म्हणजे जुनं ऑइल सोडण्यासाठी उघडतात तो. स्विफ्टसारख्या गाडीत तो बसवताना ३५ न्यूटन-मीटरने आवळतात. पाना वीस सेंटिमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला साधारण १८ किलोचा जोर झाला, आणि वर्षभर बसलेला, गंजाने धरलेला नट सोडवायला त्याहून जास्तच. हा जोर तुम्ही कशाच्या आधाराने लावणार? तुम्ही चाकांवर आहात. गुळगुळीत जमिनीवर तुम्हाला ट्रॉलीसकट ढकलायला दोन किलोही लागत नाहीत. म्हणून पाना ओढला की नट जागचा हलत नाही, तुम्हीच नटाकडे सरकता. मी पहिल्यांदा असा सरकलो तेव्हा मिस्त्री बाहेरून म्हणाले, "साहेब, नट तुम्हाला फिरवतोय." न्यूटनचा तिसरा नियम मी कॉलेजात पाठ केला होता, पण समजला तो तिथे, पार्किंगमध्ये.

यातून मार्ग आहेत. नटाचं तोंड बाजूला असेल तर पाना वरखाली फिरतो. मग तो असा लावायचा की जोर खालून वर द्यावा लागेल. त्याची उलट प्रतिक्रिया आपल्याला फळीत दाबते आणि फळी जागेवर राहते. नटाचं तोंड थेट खाली असेल तर पाना आडवा फिरतो आणि आपण घसरणारच. तेव्हा दुसऱ्या हाताने गाडीच्या चौकटीचा भक्कम भाग धरायचा, किंवा सरळ क्रीपर काढून टाकून पुठ्ठ्यावर उतरायचं. चाकांना ब्रेक असलेले क्रीपरही मिळतात, पण झोपल्यावर तो ब्रेक पायाला सापडत नाही. जाणते मिस्त्री घट्ट नट आधी जमिनीवर बसून सैल करतात आणि मगच ट्रॉली आत घेतात.

उताराचंही तसंच. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला ढाळ दिलेला असतो. दोन मीटरमागे चार सेंटिमीटर उतार असला तर ७५ किलोला दीड किलोची ओढ बसते, आणि चांगली वंगण घातलेली चाकं तेवढ्याने हळूच निघतात. डोकं चढाकडे आणि पाय उताराकडे ठेवावेत, म्हणजे निदान निघालो तर टाच रोवता येते.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक सूचना. बायफोकल चष्म्यात जवळचं दिसण्याची काच खालच्या बाजूला असते. गाडीखाली मात्र जवळची वस्तू नाकासमोर वर असते, म्हणून हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघावं लागतं. अशा वेळी उंच उशीचा क्रीपर मान पुढे ढकलतो आणि नट धूसर तो धूसरच. नुसता वाचायचा साधा चष्मा वेगळा ठेवा, उशी सपाट ठेवा. आणि त्यावर गॉगल घाला, कारण वरून गंज, माती आणि पावसाळ्यातला सुकलेला चिखल थेट डोळ्यांत येतो. आमच्या गाडीखालून एकदा उंदराच्या घरट्याच्या काटक्या आल्या. तो वायर कुरतडून थकला असावा.

मोकळे केस, ओढणी, शर्टची सुटी बाही आणि लेंग्याची नाडी या सगळ्यांना क्रीपरचं चाक प्रेमाने जवळ ओढतं. दिव्याची वायरही. चार्जिंगचा दिवा वापरा.

आता जॅकबद्दल. क्रीपर निवडण्याच्या प्रकरणात हे कशाला, असं वाटेल. पण क्रीपर आला की गाडीखाली जायचा उत्साह वाढतो आणि स्टँड आणायचे राहून जातात, हे मी दोन घरांत पाहिलं आहे. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. हायड्रॉलिक जॅकचं सील गळलं की तो आवाज न करता बसतो. स्विफ्टचं वजन साधारण नऊशे किलो आहे. स्टँड दोन्ही बाजूंना हवेत, तेही कंपनीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच. पेव्हर ब्लॉकवर त्यांच्याखाली जाड प्लायचा तुकडा किंवा लोखंडी प्लेट घाला, नाहीतर एखादा ब्लॉक खचतो. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढूनमागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. काढलेलं चाक असेल तर ते आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवा. मग गाडीला बाहेरून दोन्ही हातांनी हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. क्रीपरच्या लोखंडी कोपऱ्याने स्टँडला धक्का देऊ नका. आत-बाहेर करताना वाट स्टँडपासून वीतभर लांब ठेवा. उतारावर गाडी उचलूच नका.

घडी घालून स्टूल होणारे क्रीपरही निघाले आहेत. ब्रेकचं किंवा चाकाचं काम करताना ते स्टूल उपयोगी पडतं, आणि दोन खोल्यांच्या घरात ते कोपऱ्यात उभं राहतं. पण मधल्या बिजागरीमुळे उंची वाढते आणि झोपल्यावर ती नेमकी माकडहाडाशी येते. तुम्ही जास्त वेळ बसून काम करणार असाल तर घ्या. झोपण्यासाठी नको.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. मिस्त्रींनीच मार्ग काढला. १८ मिलिमीटरचं प्लाय, १०० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद. एवढ्या प्लायचं वजन पाचेक किलो भरतं. तळाला आडव्या दोन लोखंडी पट्ट्या, फळीच्या दोन्ही कडांबाहेर चार-चार बोटं काढलेल्या आणि तिथे काटकोनात दोनदा वर वाकवलेल्या. त्या वर उचललेल्या टोकांखाली तीन इंची पीयूची फिरती चाकं, नटबोल्टने आवळून. अशी चाकं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळतात. आपल्या गावातही ट्रॉलीची चाकं विकणारा हार्डवेअरवाला असतोच. चाक घेताना ते उलटं धरून फिरवून बघा. वरची प्लेट आणि चाकाचा चिमटा यांच्यामधल्या गोळ्यांच्या रांगेत खरखर असेल तर दुसरं मागा. फळीवर गादी नाही, फक्त योगासनांच्या जुन्या चटईचा एक थर चिकटवला आहे. पाठ जमिनीपासून साडेचार सेंटिमीटरवर येते. ३८ वजा साडेसत्तावीस, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर मोकळे. आमच्या शहाबादी सांध्यांवर ती कुरकुरत का होईना पण जाते. ज्या ठिकाणी जात नाही तिथे मी फ्रिजचा खोका वापरतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

लाल गादीची ट्रॉली गच्चीत आहे. तिच्यावर तुळस आणि दोन जास्वंदी ठेवल्या आहेत. ऊन बघून बायको त्या इकडून तिकडे ढकलते. गच्चीचा कोबा गुळगुळीत आहे, तिथे ती झकास चालते.

तुम्ही घ्यायला निघाल तेव्हा टेप खिशात असू द्या. आणि गाडीखाली जाताना त्याच खिशात गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे घरातलं कुणी घाईत येऊन गाडी चालू करणार नाही.